पडेल तिथंच राहणारा चेंडू

माझी एक खोड आहे. काम बिघडलं की मी आधी वस्तू बदलते. भाजी करपली तर कढई पातळ असते, रेघ वाकडी आली तर स्केल घसरते, पोळी फुगली नाही तर यंदाचा गहूच हलका असतो. नवऱ्याला यावर एकच म्हण येते, नाचता येईना अंगण वाकडं, आणि ती तो इतक्या वेळा म्हणतो की मला आता तिचा रागही येत नाही. पण गेल्या पावसाळ्यात मी तीन चेंडू झेलायला शिकायला घेतलं आणि दिवाळीपर्यंत पाच तऱ्हेचे चेंडू बदलले. ती गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी राहिली नाही.

मी भोकरदनला एका शाळेत चित्रकला शिकवते. पाचवीचा नवा वर्ग आला की पहिल्याच तासाला, कंपास न घेता, फळ्यावर हातभर व्यासाचं वर्तुळ काढते. एका दमात. खडू निघाला तिथंच परत येऊन मिळतो. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतात, आणि पुढं वर्षभर मला आवाज चढवावा लागत नाही. माझ्या चित्रांची प्रदर्शनं कधी भरली नाहीत, भरायचीही नाहीत. पण हात माझ्या शब्दाबाहेर जात नाही, एवढा एक माज मी आयुष्यभर केला. माहेरी सगळे म्हणायचे, पोरीचा हात बापावर गेलाय. ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

जूनमध्ये मुख्याध्यापकांनी सांगितलं की शनिवारी दप्तराविना शाळा भरवायची आहे, तेव्हा प्रत्येकानं मुलांना काहीतरी नवं दाखवावं. कुणी योगासनं घेतली, कुणी कागदाची फुलं. मी मोबाइलवर एका माणसाला तीन चेंडू हवेत फिरवताना पाहिलं होतं. म्हटलं, हे मी करते. उगाच नव्हतं ते. लहानपणी सागरगोट्यांत मला गावात कुणी हरवलं नव्हतं. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे चार उचलायचे आणि वरचा झेलायचा. हे मी गप्पा मारत करायची. पाच गोट्यांवर राज्य केलेल्या बाईला तीन चेंडूंचं काय कौतुक? पंधरा दिवसांत दाखवते, असं मी सगळ्या शिक्षकांसमोर बोलून बसले.

बाजारातून प्लास्टिकचे तीन चेंडू आणले, लाल, पिवळा, निळा. मोबाइलवरचा माणूस सांगत होता की सुरुवात एकाच चेंडूनं करा. उजव्या हातातून तो डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवा, डाव्यात झेला. मग डाव्यातून उजव्यात. ते जमलं की दोन, मग तीन. मी गच्चीकडच्या खोलीत उभी राहिले आणि एक चेंडू उडवला. तो डाव्या तळहातावर बरोबर येऊन टेकला आणि बोटं मिटायच्या आत निसटला. बोटं मिटली, पण उशिरा. कडी वाजवणारा माणूस निघून गेल्यावर आपण दार उघडावं तशी.

मी ठरवलं, चेंडू फार हलके आहेत. पंख्याच्या वाऱ्यानंही सरकतात.

मग रबरी आणले. त्यांना वजन होतं, पण त्यांचा दोष वेगळा. पडले की उसळायचे. एक कपाटाखाली जायचा, दुसरा जिन्यावरून उड्या मारत थेट घरमालकांच्या तुळशीपाशी. झेलण्यापेक्षा वाकून शोधण्यातच जास्त वेळ जायचा. नवरा जालन्याला एका कार्यालयात नोकरीला आहे, रोज बसनं जाऊन येऊन करतो. संध्याकाळी दमून यायचा आणि दारातच त्याच्या पायाशी एखादा चेंडू यायचा.

"आणखी किती दिवस अंगण बदलून राह्यली तू?" तो म्हणायचा.

"रबर वाईट आहे हो," मी सांगायची.

ऑगस्टमध्ये भावानं मोसंब्या पाठवल्या. माझं माहेर जांब समर्थच्या अलीकडे आहे, घरची मोसंबीची बाग आहे, आणि धाकटा भाऊच ती बघतो. त्या वर्षी फळगळ फार होती. झाड हिरवंगार, फांदीला कीड नाही, मुळाशी पाणी बरोबर, आणि सकाळी बघावं तर खाली हिरव्या फळांचा सडा. कशानं गळतात ते कुणालाच नेमकं सांगता येईना. ती कच्ची फळं विकता येत नाहीत. भावानं पिशवी भरून नवऱ्याकडे जालन्याच्या स्टँडवर दिली, लोणच्याला तरी होतील म्हणून. मी त्यातली एक हातात घेतली आणि वाटलं, हे खरं माप. मूठ भरते, पण बोटं ताणत नाहीत. वजनही बेताचं.

मला अण्णा आठवले. माझे वडील. शेवटच्या वर्षांत ते अंगणात बाजेवर बसलेले असायचे आणि त्यांच्या डाव्या हातात कायम एक हिरवी मोसंबी असायची. खात नसत, सोलत नसत, नुसती धरलेली. पाहुणा आला की दुसरी तोडून आणायला सांगायचे, हातातली कधी द्यायचे नाहीत. आम्ही भावंडं त्यांना हसायचो. म्हटलं, बापाच्या हाताला जी बसली ती आपल्यालाही बसेल.

तीन सारख्या मोसंब्या निवडून मी आठ दिवस सराव केला. उजव्या हातानं एकही सोडली नाही. एका संध्याकाळी खाली बघितलं तर फरशीवर रसाचे डाग होते, दहा-बारा तरी, आणि सगळे माझ्या डाव्या बाजूला. उजवीकडची फरशी कोरडी. मी फडकं आणलं आणि नवरा यायच्या आत सगळं पुसून काढलं. का पुसलं, ते तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मुंग्या येतात म्हणून सांगितलं असतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही दोघं चहा घेऊन बसलो होतो. तो पेपर वाचत होता, मी नुसतीच बसले होते, हात मांडीवर.

"तुझ्या हाताला काय झालं?" त्यानं विचारलं.

मी खाली बघितलं. डाव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर पुढं-मागं फिरत होता. सावकाश, एका लयीत. मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

"मोसंबीचा चीक आहे. चिकट लागतंय," मी म्हटलं आणि हात पदराखाली घेतला.

तो अंगठा मी आधी पाहिलेला होता. अण्णा मोसंबीची कलमं बांधायचे. रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, तिच्यात बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची. पंचक्रोशीत त्यांनी भरलेला डोळा वाया जात नसे. पन्नाशीच्या आसपास त्यांनी भरलेले डोळे मरायला लागले. अण्णांनी आधी चाकूला दोष दिला. जालन्याहून नवा आणला. मग आणखी एक आणला. चाकू उजव्या हातात, तो चुकत नव्हता. सुटत होतं ते डाव्या हातात धरलेलं रोप. काही महिन्यांनी ते बसले की त्यांचा डावा अंगठा बोटावर फिरायला लागला, माळ ओढल्यासारखा. आमच्याकडे समर्थांच्या जन्मगावाला येणाऱ्या भक्तांची ये-जा, त्यामुळे गावाला वाटलं, अण्णा नामाला लागले. लोक त्यांच्यापुढं वाकायचे. अण्णा देवभोळे मुळीच नव्हते, पण त्यांनी कुणाचा गैरसमज काढला नाही. एकट्या आईनं ओळखलं. ती चुलीपाशी बसून मला हळूच म्हणाली, "जप कुणी डाव्या हातानं करतं का गं?"

पुढं दीड-दोन वर्षांनी त्यांचा उजवा हातही गेला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाचा कप आई त्यांच्या तोंडाशी धरायची, आणि ते मान वळवून आमच्यापैकी कुणी बघत नाही ना ते आधी बघायचे.

तेव्हा त्या रविवारी मला सगळं कळलेलं होतं असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं. मी मोबाइलवर पुन्हा तोच माणूस लावला. तो सांगत होता की शिकणाऱ्यानं फळं, रबरी चेंडू असलं काही घेऊच नये. कापडी चेंडू घ्यावा, आत धान्य भरलेलं असावं, तिन्हींचं वजन सारखं असावं. असा चेंडू तळहाताला बिलगतो. आणि पडला तर उसळत नाही, गडगडत नाही, पडेल तिथंच राहतो. मला हायसं वाटलं. म्हणजे इतके दिवस चेंडूच चुकीचे होते.

भावजयीला फोन केला की चेंडूत भरायला घरचं दोन-तीन शेर सोयाबीन पाठव. तिनं पाठवलं. थोडं गुलाबीसर दिसलं, पण पिशवी जुन्या लाल लुगड्याची होती, वाटलं तिचा रंग उतरला असेल. उग्र वासही येत होता. मी ब्लाउजपीस कापून तीन चेंडू शिवले. शिवतानासुद्धा डावा हात कापड नीट धरीना. सुई जुनी होती, ती बदलली.

चेंडू मात्र झकास झाले. हातात घेतले की सोडावेसे वाटत नसत. तरी डाव्या हाताची तऱ्हा तीच राहिली, वर आता बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. तळहात गुलाबी दिसायचे, साबणानं धुतले तरी. महिनाभर मी रोज संध्याकाळी तेच चेंडू खेळवत होते, आणि ते घेऊनच स्वयंपाकघरात जात होते.

गणपती उठल्यावर भाऊ कामानिमित्त आला. नवराही घरीच होता. भावानं टेबलावरचा चेंडू सहज उचलला, दाबला, मग नाकाशी नेला. त्याचा चेहरा बदलला.

"आक्का, हे कशानं भरलंस?"

"सोयाबीननं. तुझ्याच घरचं आहे."

"हे बी हाय. किडीचं औषध चोळलेलं. पेरून उरल्तं ते." त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "आक्काला उरलेलं बी दिलं का तू?"

"मंग काय झालं?" भावजय म्हणाली. "खायला थोडंच दिल्तं? चेंडूत भरायचं म्हणल्या त्या. चांगलं सोयाबीन त्याच्यात कशाला घालवायचं? फेकायचं जिवावर आल्तं, माळ्यावर पडून होतं."

तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आमच्याकडे धान्य फेकत नाहीत. खाता येत नाही, विकता येत नाही, मग कुठंतरी भरा.

भाऊ घाबरला होता. हात धू म्हणाला, दवाखान्यात चल म्हणाला. आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. विष अंगात गेलं म्हणून हसलेली बाई जिल्ह्यात मी एकटीच असेन. म्हणजे हे औषधानं होतंय! बोटं औषधानं सुस्तावली, अंगठा औषधानं फिरतोय. बी फेकलं की सगळं बरं होणार.

"म्हणूनच माझा हात थरथरायलाय," मी भावाला म्हटलं. माहेरचं माणूस समोर असलं की माझी भाषा आपोआप तिकडं जाते.

त्यानं हातातला फोन खाली ठेवला. "थरथरतो? कोणता?"

"डावा."

"कधीपासून?"

"हे चेंडू शिवले तेव्हापासून," मी सांगितलं.

नवरा समोर बसला होता. मोसंबीचा रविवार त्याला माहीत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पेपर उचलला आणि उघडला. तो पेपर सकाळीच वाचून झालेला होता. त्या दिवसापासून त्यानं ती म्हण पुन्हा कधी म्हटली नाही, आणि मला तिची फार आठवण यायला लागली.

गावातल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, असल्या औषधानं झिणझिण्या येऊ शकतात, थांबतील. पण थरथरीचं एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मी पहिलं वाक्य घरी घेऊन आले आणि दुसरं तिथंच ठेवलं. भावानं सगळं बी नेऊन शेतात खोल पुरलं. मी स्वतःच ठरवलं की विष उतरायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस कशाला हात लावला नाही. दोन वेळा ताक प्यायले. झिणझिण्या आठवड्यात गेल्या, तळहातांचा रंगही गेला.

दरम्यान मी नवे चेंडू शिवले. या वेळी घरात खायला आणलेली, निवडलेली ज्वारी भरली. किराणा दुकानात जाऊन तिन्ही चेंडू काट्यावर ठेवले.

"मॅडम, हे काय तोलून राह्यलो आपण?" दुकानदारानं विचारलं.

"चेंडू आहेत. सारखे पाहिजेत. बिलकुल सारखे."

एकातली चिमूटभर ज्वारी काढली, दुसऱ्यात घातली, आकडे जुळेपर्यंत त्याला सोडलं नाही.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी मी गच्चीकडच्या खोलीत उभी राहिले. पंखा बंद होता. ऊन चांगलं होतं. चेंडू हातात बसत होते, वजन बेताचं होतं, वास ज्वारीचा होता. यापेक्षा चांगले चेंडू कुणी करू शकत नाही, हे मी आजही पैजेवर सांगेन. लाल चेंडू उजव्या हातातून उडवला. डोळ्यांपर्यंत गेला, वळला, डाव्या तळहातावर आला. बोटं उशिरा मिटली.

चेंडू फरशीवर पडला. उसळला नाही, गडगडला नाही. मी तो उचलला आणि पुन्हा उडवला. दहा वेळा. दहाही वेळा तो माझ्या डाव्या पायाशी पडला आणि पडला तिथंच राहिला. आता दोष द्यायला खोलीत दुसरं काही नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. मला भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी. नवरा दारात आला, आत आला नाही. म्हणाला, "दिवाळी झाली की संभाजीनगरला जाऊ." मी मान हलवली.

मधल्या दिवसांत मी शनिवारी मुलांना कागदाची होडी शिकवली. चेंडूंचं कुणी विचारलं तर सराव चालू आहे म्हणायची, आणि ते खोटं दिसू नये म्हणून लाल चेंडू हातात ठेवायची. डाव्या. वर्गात, बसमध्ये, चहाच्या वेळी. त्याचा स्पर्श बरा वाटायचा. पोरं म्हणायची, मॅडमला चेंडूचं वेड लागलं. मलाही तसंच वाटत होतं. अंगठा त्या दिवसांत शांत होता, तेव्हा मनात पुन्हा आशा धरली की ज्वारीचा गुण येतोय.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान होते, बोलायला मऊ. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं मिटून उघडायला लावली. मग म्हणाले, "खुर्चीत निवांत बसा. हात मांडीवर. आणि शंभरापासून उलटे अंक म्हणा."

मी बसले. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. अंगठा हलला नाही. मी नवऱ्याकडे विजयानं बघितलं.

"तो चेंडू जरा टेबलावर ठेवा," डॉक्टर म्हणाले.

माझ्या हातात चेंडू आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी तो टेबलावर ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. शंभर, नव्याण्णव. नव्वदपर्यंतही गेले नसेन. अंगठा निघाला. पुढं-मागं, सावकाश. मी म्हणायची थांबले, तो थांबला नाही.

"हातात काही धरलं की थांबतं हे," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच जणांचं तसं असतं. धरून ठेवायची सवय लागते, त्यांनाही कळत नाही." मग त्यांनी कागद ओढला. "घरात आधी कुणाला होतं?"

"वडिलांना," मी म्हटलं. आणि पुढचं तोंडून आपोआप गेलं. "ते मोसंबी धरायचे."

डॉक्टरांनी फक्त वडील लिहिलं. त्यांना त्या मोसंबीचं काय कळणार? ती पाहुण्याला का देत नसत, ते आम्हाला तरी कुठं कळलं होतं. आम्ही आमच्या बापाला चिक्कू म्हणून हसलो होतो. मी टेबलावरचा लाल चेंडू उचलला आणि डाव्या हातात घट्ट धरला.

पुढच्या जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग येईल. वर्तुळ मी काढीन, उजवा हात अजून माझं ऐकतो. डावा साडीच्या निऱ्यांपाशी असेल, चेंडू घेऊन. पोरांनी विचारलं तर सांगीन की चेंडू झेलायला शिकतेय.